माळ्यावरची बंदूक : जव्हार-मोखाड्यात शस्त्राचा कायदा नेमका काय सांगतो?

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही वनहक्काच्या दाव्यांचे कागद तपासायला गेलो होतो. बैठक संपली, लोक पांगले, आणि एक म्हातारी आजी आमच्यातल्या एकीचा हात धरून घरात घेऊन गेली. तिने माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली एक लांब वस्तू खाली काढली. ती ठासणीची बंदूक होती. “आजोबाची हाय. परवाना होता तेच्या नावावर. तो गेला, त्याला लय वरसं झाली. आता हिचं काय करू, ताई?” मुलगा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, सून त्याच्याबरोबर जाते, घरात ती आणि दोन नातवंडे. थोरला नातू चौदा वर्षांचा. त्याला ती बंदूक कुठे आहे हे पक्के ठाऊक होते.

आम्हाला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. आम्ही समाजशास्त्र शिकलो, अत्याचार प्रतिबंधक कायदा शिकलो, वनहक्क शिकलो. शस्त्र अधिनियम कधी उघडून पाहिला नव्हता. नंतर एका जाणत्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, “गप ठेवा, कोण बघायला येतंय?” हा सल्ला किती धोक्याचा होता ते कायदा वाचल्यावर कळले. म्हणून हा लेख. आपल्या वस्त्यांवर आणि आदिवासी पाड्यांवर हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त घरांत आहे, आणि जयंतीच्या मिरवणुकीत तलवार घेऊन फोटो काढणाऱ्या आपल्या पोरांनाही तो लागू आहे.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. भारतात शस्त्र बाळगणे हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही. संविधानाच्या अनुच्छेद 19 मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण त्याला दोन शब्द जोडलेले आहेत : शांततेने आणि विनाशस्त्र. हे आपोआप घडलेले नाही. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्कही मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली होती. त्यांचा आधार होता 1931 चा काँग्रेसचा कराची ठराव. इंग्रजांनी 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांना सूट दिली, हा राग त्यामागे होता आणि तो रास्त होता. बाबासाहेबांनी मात्र दुरुस्तीला विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : परकीय राज्य होते तेव्हाची मागणी वेगळी होती, आता परिस्थिती बदलली आहे. कुणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घ्यावे आणि राज्याने त्यावर काहीही बंधन घालू नये, अशा स्थितीत राज्यकारभार चालणार कसा? दुरुस्ती फेटाळली गेली.

हेच बाबासाहेब 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये लिहितात की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिले नाही, म्हणून त्यांना बंडही करता आले नाही. महारांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी बंद केली, त्याविरुद्ध आपल्या पूर्वजांनी अर्ज-विनंत्या केल्या, आणि महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडले. शस्त्र नाकारले जाणे म्हणजे काय हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्या समाजाच्या नेत्याने संविधान सभेत शस्त्राचा सरसकट हक्क नाकारला. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. शस्त्र कुणाकडे असावे हे जातीने ठरवायचे की कायद्याने, हा तो फरक आहे. कुणाला पटणार नाही, त्यांनी वाद घालावा.

आता आजचा कायदा. शस्त्र अधिनियम 1959 हा केंद्राचा कायदा आहे, त्याखालचे सध्याचे नियम 2016 चे. कलम 3 सांगते की परवान्याशिवाय कुणालाही बंदूक किंवा दारूगोळा जवळ ठेवता येत नाही, मग ती घरात असो की खांद्यावर. आपल्याकडे पुष्कळांचा समज असा की बंदूक बाहेर काढली तरच गुन्हा, माळ्यावर पडून राहिली तर काही नाही. तसे नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक नुसती बाळगली तरी शिक्षा किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे आणि वर दंड. ती चालते की गंजली, त्यावर घरच्या माणसाने विसंबून राहू नये. बंदूक बनवली किंवा विकली तर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. गावठी बंदूक दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराने हे लक्षात ठेवलेले बरे.

परवाना असला तरी बंदूक मिरवता येत नाही. 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर ते म्यानात किंवा पिशवीत, आणि लांब बंदूक असेल तर तिच्यासाठीच्या खोळीत, पूर्ण झाकलेले असावे लागते. लग्न, जत्रा, मिरवणूक, सभा अशा ठिकाणी ती परजायला आणि झाडायला मनाई आहे, आवाजाची बंदूकसुद्धा. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर 2019 पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका लग्नात आम्ही स्वतः पाहिले, नवरदेवाचा मामा कमरेला पिस्तूल सर्वांना दिसेल असे लावून फिरत होता. परवाना होता, असे सांगत होता. परवाना असेलही. तसे फिरायला त्या परवान्यात मुभा नसते.

मग कोयत्याचे काय? जव्हार-मोखाड्यात कोयता नसलेला माणूस शोधावा लागेल. राब तोडायला, लाकूड फोडायला, बांबू सोलायला तोच. इथे कायदा आपल्या बाजूने आहे. शस्त्राच्या व्याख्येतूनच केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू वगळल्या आहेत, आणि त्याचे उदाहरण म्हणून कायद्याने लाठी व चालण्याची साधी काठी यांची नावेच घेतली आहेत. धारदार हत्यारांत मोडते ती तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकूसारखे हत्यार. पण तिथेही घरकाम, शेती, कारखाना यांच्यासाठी बनवलेले असेल तर ते त्यातून बाहेर. म्हणजे रानातून येणाऱ्या बाईच्या कमरेचा कोयता हे शस्त्र नाही. तोच कोयता घेऊन भांडणात कुणी धावला तर प्रश्न वेगळा, तेव्हा तो दुखापतीच्या आणि धमकीच्या कलमांत येतो. बोहाड्यात देव-दैत्यांची सोंगे घेणाऱ्यांच्या हातातली लाकडी शस्त्रेही यात येत नाहीत. खेळण्यापलीकडे ज्याचा उपयोग होऊ शकत नाही त्याला कायद्याने बाजूला ठेवले आहे.

पण एक मेख आहे, आणि आमच्या कार्यकर्त्यांना सर्वात जास्त अडचण तिथेच येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, शांततेसाठी मनाई आदेश काढू शकतात. त्या आदेशात बंदूक, तलवार, भाला, सुरा यांच्याबरोबर सोटा, काठी, लाठी आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. दगड जमा करणेही येते. शस्त्र अधिनियमाने जी लाठी निर्दोष ठरवली, तिच्यावर हा आदेश बंदी घालू शकतो. सणवार, निवडणुका, आंदोलने यांच्या सुमारास असे आदेश निघतात, बहुधा पंधरवड्यासाठी, आणि एक संपला की दुसरा. आदेश मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयाने वेगळे कारण लिहून ठेवले नाही तर चार महिन्यांपेक्षा कमी नाही. मोर्चाला निघालेल्या आदिवासी माणसाच्या हातात काठी असणे स्वाभाविक आहे, तो डोंगर उतरून आलेला असतो. तरी मोर्चाच्या आदल्या दिवशी चालू आदेश काय म्हणतो ते तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे आणि पाड्यावर निरोप द्यावा. या आदेशांत म्हातारी माणसे व अपंग यांच्या आधाराच्या काठीला सहसा सूट लिहिलेली असते, पण ती वाचून खात्री करावी.

हा आदेश जिल्ह्यापुरता असतो. पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मोखाड्याची हद्द संपली की संपतो; पुढे त्र्यंबकेश्वर तालुका लागतो, तिथे नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर तो. गुजरातेत शिरलात तर तिथलाही कायदा याच घराण्यातला, कारण 1951 चा मुंबई पोलीस कायदा 1960 नंतर दोन्ही राज्यांकडे आला. सिल्वासा मात्र केंद्रशासित. बंदुकीच्या परवान्याचेही तसेच आहे. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे लिहिलेले असते. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन सिल्वाशाच्या कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी करता येणार नाही. आमच्या भागातली काही पोरे सुरक्षारक्षक म्हणून बाहेर जातात, त्यांनी बंदूक हातात घेण्याआधी परवाना कुणाच्या नावावर आणि कुठपर्यंतचा आहे हे मालकाला विचारावे. विचारायला लाजू नये.

हद्द ओलांडली की कायदा बदलतो हे या भागाला नवे नाही. 1948 पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि मोखाडा इंग्रजी मुलखात, ठाणे जिल्ह्यात. आज ज्या रस्त्याने जीप तासाभरात जाते, त्या रस्त्यावर तेव्हा दोन वेगळ्या सत्ता होत्या.

देशाच्या पातळीवरही सर्वांना एकच माप नाही. शीख बांधवांना कृपाण धारण करण्याचे संरक्षण थेट संविधानाच्या अनुच्छेद 25 मधील स्पष्टीकरणाने दिले आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजी काळापासून सूट आहे, ती 2029 पर्यंत वाढवलेली आहे. आदिवासींच्या तिरकमठ्यामागेही परंपरा आहे, पण जव्हार-मोखाड्यातल्या वारली, कोकणा किंवा महादेव कोळी माणसाला बंदुकीबाबत अशी सूट नाही. जगात तर दोन टोके आहेत. अमेरिकेत 1791 च्या घटनादुरुस्तीने शस्त्राचा हक्क दिला, 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेरही तो मान्य केला, आणि आज निम्म्याहून जास्त राज्यांत प्रौढ माणूस परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून रस्त्यावर फिरू शकतो. शेजारच्या राज्यात त्याच गोष्टीसाठी अटक होऊ शकते. ब्रिटनमध्ये 1996 साली डनब्लेनच्या शाळेत लहान मुलांचे हत्याकांड झाले आणि पुढच्याच वर्षी पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी आली. समाजमाध्यमांवर अमेरिकेचे व्हिडिओ पाहून आपली पोरे “स्वसंरक्षणाचा हक्क” म्हणतात. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्यालाही आहे, पण त्यातून हत्यार बाळगण्याचा हक्क निघत नाही.

आता खरा प्रश्न : रानडुक्कर. नागली, वरई, भात ऐन भरात आले की एका रात्रीत कळप सगळे उकरून टाकतो. ज्यांच्याकडे एवढेच धान्य आहे त्यांच्यासाठी हा शिकारीचा शौक नाही. कायद्याला हे माहीत आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्पष्ट लिहिली आहे. आणखी एक ओळ कलम 14 मध्ये आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. “तुझी ऐपत काय, तुला बंदूक कशाला” असे कुणी म्हटले तर हे कलम दाखवावे. अर्जदार 21 वर्षांचा हवा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते, पोलिसांचा अहवाल येतो, आणि नाकारल्यास कलम 18 खाली अपील करता येते. अडचण आहे ती अंतराची. परवाना देणारे कार्यालय पालघरला, आणि मोखाड्याच्या पाड्यावरून तिथे जायचे म्हणजे नव्वद-शंभर किलोमीटर, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. दोन फेऱ्यांत माणूस कंटाळतो.

दुसरे, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 वेगळा आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते, ती नसेल तर परवान्याची बंदूक असूनही गुन्हा. वनहक्क कायद्यात शिकारीचा हक्क मिळतो असे काही ठिकाणी सांगितले जाते, तेही चूक आहे. 2006 च्या त्या कायद्याने पारंपरिक हक्क मान्य करतानाच शिकार आणि प्राणी पकडणे स्पष्ट शब्दांत वगळले आहे. नुकसान झाले असेल तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागता येते. ती तुटपुंजी असते आणि उशिरा येते हे आम्हालाही माहीत आहे.

विनापरवाना बंदुकीचा शेवट कुठे होतो हे पालघर जिल्ह्याने नुकतेच पाहिले. 2025 च्या जानेवारीच्या अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल दिसली, गोळी सुटली, आणि पडला तो त्यांच्याच गावचा माणूस. घाबरून मृतदेह जंगलात लपवला गेला, काही दिवसांनी सगळे उघडकीस आले आणि अटका झाल्या. मेलेला गरीब, मारणारे गरीब. त्या रात्री कुणाच्याही मनात खून नव्हता. लपवण्याची बुद्धी झाली ती बहुधा बंदुकीची भीती होती म्हणूनच, असे आम्हाला वाटते.

आपल्या वाचकांसाठी एक तरतूद मुद्दाम सांगायची आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम 1989 खालचे 1995 चे नियम आहेत, त्यातला नियम 3 काढून वाचा. अत्याचार होण्याची शक्यता असलेले भाग राज्य सरकारने निश्चित करायचे आहेत. अशा भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यायचे. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या बौद्ध कुटुंबांना हा नियम लागू आहे. आमचे मत विचाराल तर यातला “आम्हाला परवाने द्या” हा भाग आम्ही शेवटी ठेवू. एका गावात दोन्ही बाजूंना बंदुका आल्या की संख्येने कमी असलेलाच मरतो. पण धमकी देणाऱ्याचा परवाना रद्द करा ही मागणी प्रत्येक तक्रारीबरोबर लेखी केली पाहिजे, आणि ती करताना नियमाचा क्रमांक लिहिला पाहिजे. ती क्वचितच केली जाते.

आणि तरुण मुलांनो, तलवारीने केक कापण्याचे व्हिडिओ टाकू नका. तो व्हिडिओ हाच पुरावा होतो, पोलिसांना घर शोधावे लागत नाही. एका गुन्ह्याची नोंद चारित्र्य पडताळणीत, पोलीस भरतीत, सरकारी नोकरीत वर्षानुवर्षे आडवी येते. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने भरतीची शारीरिक चाचणी चांगल्या गुणांनी पार केली होती. पुढे काय झाले ते लिहीत नाही, त्याचे आईवडील हे वाचतील.

आजीकडे परत येऊ. परवानाधारक मेला किंवा परवान्याची मुदत संपली की बंदूक जवळ ठेवणे बेकायदा ठरते, आणि कलम 21 प्रमाणे ती विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केली म्हणून हक्क जात नाही. वारसाला पुढे परवाना मिळाला तर ती परत मागता येते, किंवा विकताही येते. मूळ परवान्याचा कागद कसाही असो, फाटका, वाळवी लागलेला, तो सोबत न्यावा. मुळात परवानाच नव्हता अशा बंदुकीचे प्रकरण नाजूक असते. तिथे एकट्याने ठाण्यात जाऊ नये. आधी तालुका विधी सेवा समितीकडून वकील घ्यावा, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना तो मोफत मिळतो.

आजीच्या पत्र्याच्या पेटीत परवान्याचे पुस्तक सापडले. शेवटचे नूतनीकरण फार जुने होते. आम्ही अर्ज लिहिला, त्यात नवऱ्याच्या मृत्यूची तारीख, बंदुकीवरचा क्रमांक आणि इतकी वर्षे जमा का केली नाही याचे खरे कारण घातले : सांगणारे कुणी नव्हते. वकिलाने तो वाचून एक वाक्य बदलले. सरपंच आणि पोलीस पाटील सोबत आले. बंदूक गोणपाटातच नेली, वाटेत कुणाला दिसू नये म्हणून, आणि जाण्याआधी ठाण्यात फोन करून कळवले. ठाण्यात तीन तास गेले. जबाब झाला, पंचनामा झाला, पोच मिळाली. तिच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक आमच्याकडे आहे. मूळ पोच आजीने रेशनकार्ड आणि वनहक्काच्या दाव्याच्या कागदांबरोबर त्याच पेटीत ठेवली. मुलगा होळीला आल्यावर पीकसंरक्षणाच्या परवान्याचा अर्ज करायचा की नाही ते ठरवणार आहे. तोवर डुकरांसाठी पत्र्याचे डबे वाजवणे सुरू आहे.